स्टिअरिंग अँगल सेन्सर खरंच गेलाय का? बदलायच्या आधी कसं तपासायचं

डॅशबोर्डवर ती घसरणाऱ्या गाडीची पिवळी लाईट लागते, सोबत कधी एबीएसची (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम), कधी स्टिअरिंगची, मग स्कॅनर लावला जातो, त्यात स्टिअरिंग अँगल सेन्सरचं नाव येतं आणि लगेच निकाल लागतो की सेन्सर गेला, नवा टाका. नवा टाकला जातो, लाईट जाते आणि काही दिवसांनी परत येते. हे इतक्या गाड्यांच्या बाबतीत होतं की यावर सविस्तर लिहायलाच हवं. स्कॅनरवर सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर खराब, असं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की गाडीच्या कंट्रोल युनिटला त्या सेन्सरकडून जे हवं होतं ते मिळालं नाही, किंवा मिळालं ते पटलं नाही.

आणि हे तीन प्रकारे होऊ शकतं. एक म्हणजे सेन्सर अगदी बरोबर मोजतोय, पण त्याचा शून्य चुकीच्या जागी बसलाय. दुसरं, त्याच्या मोजण्यातच गडबड आहे, म्हणजे आकडा मध्येच उडी मारतो, अडकतो किंवा भलताच येतो. आणि तिसरं, सेन्सर ठणठणीत आहे पण वायर, कनेक्टर, फ्यूज, बॅटरी यापैकी कशामुळे तरी त्याचा निरोपच पुढे पोचत नाहीये. पहिल्यात फक्त कॅलिब्रेशन म्हणजे शून्य परत जागेवर बसवणं लागतं, तिसऱ्यात वायरिंगचं काम लागतं, सेन्सर बदलायची वेळ येते ती फक्त दुसऱ्यात. त्यामुळे तपासणी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपल्या गाडीत या तीनपैकी काय झालंय ते शोधणं.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू. स्टिअरिंगच्या मागे, स्टिअरिंगच्या दांड्यावर तो बसलेला असतो, बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर-वायपरच्या स्विचच्या सेटमध्ये किंवा क्लॉक स्प्रिंगसोबत (स्टिअरिंगमधल्या वायरची गुंडाळलेली पट्टी, तिच्याबद्दल पुढे) एकत्र, आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगवाल्या काही गाड्यांत तर थेट स्टिअरिंगच्या मोटरच्या युनिटमध्येच. स्टिअरिंग कुठल्या बाजूला, किती अंश आणि किती वेगाने फिरवलंय एवढंच तो सांगतो. पण ही माहिती वापरणारे खूप जण असतात: गाडी घसरताना सावरणारी ईएसपी, पॉवर स्टिअरिंग, लेनमध्ये ठेवणारी सिस्टीम, वळणाकडे वळणारे हेडलाईट, रिव्हर्स कॅमेऱ्यातल्या वाकणाऱ्या रेषा. म्हणून एका सेन्सरपायी चार लाईट एकदम लागतात आणि माणूस घाबरून जातो की अख्खी गाडीच गेली की काय.

यातली सगळ्यात महत्त्वाची गिऱ्हाईक म्हणजे ईएसपी. १९९५ साली बॉशची ही सिस्टीम मर्सिडीज-बेंझच्या गाडीत पहिल्यांदा आली, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. तिचं काम असं, ड्रायव्हरला कुठे जायचंय हे स्टिअरिंगच्या कोनावरून ओळखायचं, गाडी प्रत्यक्षात कशी वळतेय हे यॉ सेन्सरवरून म्हणजे गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे मोजणाऱ्या सेन्सरवरून बघायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर एखाद्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावायचा, गरज पडली तर इंजिनची ताकद कमी करायची.

आता थोडासा हिशोब करू, म्हणजे शून्य थोडा सरकल्याने एवढा गोंधळ का होतो ते कळेल. समजा शून्य ८ अंशांनी चुकलाय. गाडी सरळ चाललीय, स्टिअरिंग सरळ आहे, पण सेन्सर म्हणतोय ८ अंश डावीकडे. स्टिअरिंग १६ अंश फिरवलं की पुढची चाकं १ अंश वळतात असं धरलं तर ८ अंशांत चाकं अर्धा अंश वळली असं ईएसपीला वाटणार. ऐकायला काहीच नाही. पण ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चाललेल्या आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीला अर्ध्या अंशाने साधारण सेकंदाला ४ अंश वळायला पाहिजे. टायर थोडे सरकतात त्यामुळे खऱ्या गाडीत हा आकडा कमी येतो, पण मुद्दा तोच. यॉ सेन्सर सांगतोय शून्य, स्टिअरिंग सेन्सर सांगतोय चार. ईएसपीच्या नजरेत ड्रायव्हर वळवतोय आणि गाडी ऐकत नाहीये. बहुतेक युनिट अशा वेळी शहाणपणाने आधी संशय घेतात, बराच वेळ सरळ चालताना सरासरी काढून छोटा फरक स्वतःच सांभाळून घेतात आणि फरक मोठा असला तर ईएसपी बंद करून लाईट लावतात. पण कधीकधी, त्यांनी संशय घ्यायच्या आधीच, चांगल्या कोरड्या रस्त्यावर हलक्या वळणात एका चाकाला उगाच ब्रेक लागल्यासारखं जाणवतं. असं जाणवलं तर ती गाडी तपासणी होईपर्यंत वेगात चालवू नका, हे मनापासून सांगतो.

सेन्सरच्या आतमध्ये काय असतं हे कळलं की पुढची टेस्ट करताना आकडे वाचायला सोपं जातं. मोटामोटी दोन प्रकार आहेत. एकात खाचा पाडलेली चकती असते, एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे भाग, चकती फिरली की उजेड-अंधाराचा पॅटर्न बदलतो आणि त्यावरून कोन कळतो. दुसरा प्रकार मॅग्नेटचा. स्टिअरिंगच्या दांड्यासोबत एक मोठं दात्यांचं चाक फिरतं आणि ते दोन छोट्या चाकांना फिरवतं, छोट्या चाकांच्या दात्यांची संख्या मुद्दाम थोडी वेगळी ठेवलेली असते आणि दोन्हीवर छोटे मॅग्नेट असतात. स्टिअरिंग तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन वेळा पूर्ण फिरतं, मग आत्ता ९० अंश आहे की ४५० हे कसं कळणार, वरून तर स्टिअरिंग सारखंच दिसतं? तर घड्याळात तास काटा आणि मिनिट काटा वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि दोघांची जागा एकत्र बघितली की नेमकी वेळ कळते, तसंच इथे दोन चाकांच्या जागा एकत्र बघून कितव्या फेऱ्यात किती अंश ते कळतं. असा सेन्सर बॅटरी काढली तरी कोन विसरत नाही. उलट काही सेन्सर एका फेऱ्यातला कोन स्वतः बघतात आणि फेरे फक्त मोजून लक्षात ठेवतात, त्यांची बॅटरी काढली की मोजणी जाते, लाईट लागते, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं सरळ चालवलं की आपोआप जाते. म्हणजे काल बॅटरी बदलली आणि आज लाईट लागली तर सेन्सरला शिव्या द्यायच्या आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये एवढं बघून घ्या.

आता तपासणी. आणि खरं सांगायचं तर निम्मी तपासणी कुठलंही मशीन हातात न घेता होते. गाडीला अलीकडे काय काय झालं हे आधी विचारा किंवा आठवा. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं काम केलं का, टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) किंवा रॅक (स्टिअरिंगचं फिरणं टाय रॉडपर्यंत पोचवणारी दात्यांची पट्टी) बदलला का, एअरबॅग किंवा हॉर्नच्या कामासाठी स्टिअरिंग काढलं होतं का, पुढचं चाक जोरात खड्ड्यात किंवा फुटपाथला आदळलं का, बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली होती का, गाडीत पाणी शिरलं होतं का. स्टिअरिंग काढून परत लावताना दांड्यावरच्या खाचांत एक खाच जरी पुढेमागे झाली तरी स्टिअरिंग काही अंश तिरकं बसतं. मग कोणीतरी ते तिरकेपण घालवायला टाय रॉड फिरवून चाकं जुळवतो, आणि त्यातून जो घोळ होतो तो स्कॅनरवर सेन्सरच्या नावाने दिसतो.

मग टायर बघा. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हवा कंपनीने सांगितली तेवढी आहे का. एका बाजूला हवा कमी असली की गाडी ओढते, आपण नकळत स्टिअरिंग थोडं तिरकं धरून सरळ चालवतो, आणि सेन्सर ते तिरकेपण इमानदारीने सांगतो. सपाट सरळ रस्त्यावर चालवताना स्टिअरिंग मधोमध राहतं का हे पाहणं ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे. नाही राहिलं तर आधी अलाइनमेंट, नंतर सेन्सर. हा क्रम उलटा करू नका. तिरकं स्टिअरिंग तसंच ठेवून त्यालाच शून्य म्हणून सेव्ह केलं तर लाईट जाईल कदाचित, पण मूळचा दोष तसाच राहतो आणि पुढच्या अलाइनमेंटला लाईट परत दारात उभी.

यानंतर बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच कमी-जास्त करतो, तिथे आकडा खाली दिसला तर लगेच घाबरू नका. पण इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जागच्या जागी फिरवताना बराच करंट ओढतं आणि कमजोर बॅटरीवर त्या क्षणी व्होल्टेज पडतं, मग एकाच वेळी तीन-चार युनिटमध्ये संपर्क तुटल्याचे कोड म्हणजे बिघाडाचे नंबर पडतात. सेन्सरच्या कोडसोबत असे बाकीचे बरेच कोड दिसले तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीला लागलेली अर्थची वायर आधी तपासा.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट. बाजारात मिळणारे साधे ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायची छोटी यंत्रं, फक्त इंजिनचे कोड वाचतात, त्यांना एबीएस, ईएसपी किंवा स्टिअरिंगच्या युनिटमध्ये डोकावताच येत नाही, त्यामुळे "माझ्या रीडरमध्ये काहीच आलं नाही" याला काही अर्थ नाही. सगळी युनिट वाचणारा स्कॅनर लागतो. कोड आला की तो पूर्ण लिहून घ्या, क्लिअर करायची घाई नको. यू०१२६ आला तर त्याचा अर्थ सेन्सरच्या युनिटशी संपर्क तुटला, म्हणजे वर सांगितलेला तिसरा प्रकार आधी बघायचा. यू०४२८ म्हणजे संपर्क आहे पण आलेला डेटा चालण्यासारखा नाही. सी००५१ हा स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचा सर्वसाधारण कोड, आणि त्याच्या पुढे दोन आकडे असतील तर तेच खरे कामाचे, उदाहरणार्थ ५४ असेल तर कॅलिब्रेशन झालेलं नाही. तेवढे दोन आकडे न वाचता सेन्सर बदललेल्या गाड्या बघितल्या की वाईट वाटतं. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, तिथे त्या गाडीचंच सर्व्हिस मॅन्युअल बघावं लागतं. कोडसोबत तो पडला तेव्हाचा वेग, व्होल्टेज वगैरे साठवलेलं असेल तर तेही बघा, ताशी शून्य वेगाला आणि १०.५ व्होल्टला पडलेला कोड स्टार्ट मारताना बॅटरी पडल्याचा असू शकतो.

आता मुख्य टेस्ट, लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय सांगतोय ते स्कॅनरवर बघणं. निकाल इथेच लागतो, त्यामुळे इथे वेळ द्या.

मोकळ्या सपाट जागी गाडी थोडी सरळ पुढे घ्या आणि स्टिअरिंग न हलवता थांबा, म्हणजे चाकं खरंच सरळ आहेत याची खात्री. इंजिन चालू ठेवा. स्कॅनरमध्ये ईएसपीच्या युनिटमधला स्टिअरिंगचा कोन उघडा. आकडा शून्याच्या आसपास पाहिजे, एखाद-दोन अंश इकडेतिकडे चालतं, नेमकी मर्यादा गाडीप्रमाणे बदलते. मग सावकाश डावीकडे पाव फेरा द्या, आकडा ९० च्या जवळ जायला हवा. पूर्ण फेरा दिला की ३६०. काही गाड्यांत डावी बाजू प्लस असते आणि काहींत उजवी, ते महत्त्वाचं नाही, दोन बाजूंना चिन्हं उलटी असली की झालं.

मग पूर्ण डावीकडे टोकापर्यंत न्या, आकडा लिहा, पूर्ण उजवीकडे न्या, आकडा लिहा. टोकाला नेऊन जोराने दाबून धरू नका, टेकलं की सोडा. समजा डावीकडे ५१२ आणि उजवीकडे ५०८ आलं, तर उत्तम. पण डावीकडे ५३० आणि उजवीकडे ४९० आलं तर? बेरीज दोन्ही वेळा १०२० च आहे. म्हणजे सेन्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर नीट मोजतोय, फक्त मधला बिंदू २० अंशांनी सरकलाय. आता गाडी सरळ असताना काय दाखवत होता ते आठवा. तेव्हाही २० च्या आसपास दाखवत असेल तर शून्य चुकलाय, कॅलिब्रेशनचं काम. पण सरळ असताना बरोबर शून्य दाखवत असेल आणि दोन टोकं मात्र असमान, तर सेन्सर आणि शून्य दोन्ही ठीक आहेत, रॅक मधोमध नसताना टाय रॉड एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी फिरवून चाकं सरळ केलेली असण्याची शक्यता मोठी. आणि तिसरी शक्यता, दर वेळी टोकाचे आकडे वेगळे येतात, एकदा ५१०, मग ४९०, मग ५३०, बेरीजच टिकत नाही. तेव्हा मात्र सेन्सरच्या मोजण्यावर संशय घ्यायचा, किंवा सेन्सरचं दांड्यावरचं बसणं सैल आहे का ते बघायचं.

मला विचाराल तर ही तीन आकड्यांची टेस्ट, सरळ असताना एक आणि दोन टोकांचे दोन, प्रत्येकाने करायलाच हवी. सेन्सर नुसता काढून बघून जे कळत नाही ते या तीन आकड्यांत कळतं.

यानंतर आकडा सलग बदलतो का ते बघा. स्टिअरिंग अगदी सावकाश फिरवा आणि स्कॅनरमध्ये ग्राफची सोय असेल तर ग्राफ लावा. रेष गुळगुळीत चढली पाहिजे. ४१, ४२, ४३, ४३, ४३ आणि मग एकदम ५८ असं झालं तर थांबा, परत मागे या आणि त्याच जागेवरून पुन्हा न्या. उडी बरोबर त्याच कोनावर परत येत असेल तर सेन्सरच्या आतली खोड, चकतीवर घाण, दाता तुटलेला, असं काहीतरी. उडी दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर वायर किंवा कनेक्टर. इथे एक काळजी घ्या, सेन्सर स्वतः बऱ्याच गाड्यांत सेकंदाला १०० वेळा कोन पाठवतो पण स्कॅनरचा पडदा सेकंदाला काहीच वेळा बदलतो, त्यामुळे स्टिअरिंग भराभर फिरवलं तर चांगल्या सेन्सरचाही आकडा उड्या मारताना दिसेल. म्हणून सावकाश म्हटलं. फिरवून झालं की परत मधोमध आणा आणि सुरुवातीचाच आकडा येतो का बघा.

त्याच पडद्यावर यॉ आणि बाजूच्या जोराचा म्हणजे लॅटरल जीचा आकडाही उघडून ठेवा. गाडी उभी असताना यॉ शून्याजवळ पाहिजे, सपाट जागेवर लॅटरल जीही. स्टिअरिंगचा कोन शून्य आणि यॉ मात्र उभ्या गाडीत सेकंदाला तीन अंश दाखवत असेल तर गुन्हेगार यॉ सेन्सर आहे, पण कंट्रोल युनिटला दोघांचं जुळत नाही एवढंच कळतं आणि काही गाड्यांत ते नाव स्टिअरिंग सेन्सरचं घेतं. चालत्या गाडीत बघायचं तर दोघं जण हवेत, एकाने फक्त चालवायचं आणि दुसऱ्याने फक्त स्कॅनर बघायचा, आणि रस्ता रिकामा हवा. सरळ जाताना चारही चाकांचे वेग सारखे, वळताना बाहेरच्या चाकाचा जास्त, आणि स्टिअरिंग ज्या बाजूला त्याच बाजूची यॉ. एवढं जुळलं की बरीच मंडळी संशयातून सुटतात. स्टिअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढतंय किंवा मध्येच जड होतंय अशी तक्रार असेल तर टॉर्क सेन्सरही बघायला सांगा, तो वेगळा असतो, ड्रायव्हर स्टिअरिंगवर किती जोर लावतोय ते तो मोजतो, आणि या दोघांची नावं सारखी वाटल्याने नेहमी गल्लत होते.

लाईव्ह डेटात कोनच येत नाही, किंवा मध्ये मध्ये गायब होतो, तर मल्टिमीटर काढा. पण त्याआधी एअरबॅग. स्टिअरिंगचं कव्हर, एअरबॅग, क्लॉक स्प्रिंग यांना हात लावायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये काही वेळ चार्ज शिल्लक असतो. आणि एअरबॅगच्या वायरना, ज्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात, मल्टिमीटर अजिबात लावायचा नाही. मीटरच्या छोट्याशा करंटनेही एअरबॅग उडण्याचा धोका असतो. हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर त्यात कमीपणा नाही.

सेन्सरला बहुतेक चार वायर असतात, सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या म्हणजे गाडीतली युनिट एकमेकांशी ज्या लाईनवरून बोलतात तिच्या दोन (कॅन हाय आणि कॅन लो). कुठली कुठली ते त्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा, रंगावरून अंदाज करू नका. इग्निशन ऑन करून सप्लाय बघा, सेन्सरच्या प्रकारानुसार तो बॅटरीइतका किंवा ५ व्होल्ट असेल. नसेल तर आधी फ्यूज. अर्थ तपासताना कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून पिन लावून, अर्थची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांत व्होल्टेज मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा कमी पाहिजे. कनेक्टर काढून नुसता रेझिस्टन्स मोजला तर गंजलेली अर्थसुद्धा चांगली दिसू शकते, म्हणून लोड असतानाच मोजायचं.

कॅनसाठी बॅटरी काढा, जरा थांबा आणि दोन कॅन वायरमध्ये रेझिस्टन्स मोजा. लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात त्यामुळे मिळून ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा एक टोक सुटलंय, शून्याजवळ आला तर दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्यात. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवरही हे मोजता येतं, पण नव्या गाड्यांत मध्ये गेटवे म्हणजे वेगवेगळ्या लाईन जोडणारा युनिट असतो आणि सेन्सरची लाईन त्याच्या पलीकडे, तिथे सॉकेटवरचा आकडा सेन्सरबद्दल काही सांगत नाही. इग्निशन ऑन असताना अर्थच्या तुलनेत कॅन हाय अडीच व्होल्टच्या थोडा वर आणि कॅन लो थोडा खाली दिसतो. मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो, खरे सिग्नल बघायला त्यांचा ग्राफ दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो, त्यात एक रेष अडीचवरून साडेतीनला जाते आणि त्याच क्षणी दुसरी अडीचवरून दीडला उतरते.

जुन्या गाड्यांत कॅन नसून सेन्सर थेट दोन पल्स म्हणजे खाली-वर होणारे सिग्नल देतो. तिथे सोपं आहे, स्टिअरिंग हळू फिरवलं की दोन्ही सिग्नल खाली-वर व्हायला पाहिजेत, एकदम नाही तर एक थोडा आधी आणि दुसरा नंतर, कारण कोण आधी बदललं यावरूनच डावं-उजवं कळतं. एक सिग्नल गोठलेला असेल तर आधी त्याची वायर बघा, ती ठीक असेल तर सेन्सर.

क्लॉक स्प्रिंगचा विषय इथेच येतो. ती स्टिअरिंग फिरत असतानाही एअरबॅग, हॉर्न आणि बटणांच्या वायरचा जोड टिकवणारी गुंडाळलेली पट्टी. सेन्सरच्या कोडसोबत हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत किंवा एअरबॅगची लाईट आहे, तर ही पट्टी तुटलेली असू शकते, आणि काही गाड्यांत सेन्सर तिच्यासोबतच येतो. नवी बसवताना ती बरोबर मधोमध ठेवूनच बसवावी लागते, नाहीतर एका बाजूच्या टोकाला जाताना तुटते.

वायर जोडलेली ठेवून, लाईव्ह डेटा चालू ठेवून, कनेक्टर आणि वायरचा जुडगा हाताने थोडा हलवून बघणं विसरू नका. स्टिअरिंग खाली-वर करता येत असेल तर तेही करा, कारण ते ॲडजस्ट करताना वायर ताणली जाते आणि नेमकं तेव्हाच सिग्नल जातो असं होऊ शकतं. असं सापडलं तर सेन्सरचे पैसे वाचले.

शेवटी कॅलिब्रेशन. पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, काहींत टोकापासून टोकापर्यंत फिरवून सरळ चालवलं की गाडी स्वतः शिकते, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरमधून शून्य सेट करावा लागतो, आणि नवीन सेन्सर असेल तर काहींत त्याला गाडीशी कोडिंग करून जोडावंही लागतं. म्हणूनच दुसऱ्या गाडीतून काढलेला सेन्सर लावला आणि चालला असं दर वेळी होत नाही. करण्याआधी अलाइनमेंट झालेलं, हवा बरोबर, गाडी सपाट, स्टिअरिंग सरळ, गाडीला कोणी टेकलेलं नाही. सपाट जागेवर एवढा भर यासाठी की काही गाड्यांत त्याच वेळी लॅटरल जीचाही शून्य सेट होतो आणि उतारावर केलं तर तोही चुकतो. स्कॅनरने कॅलिब्रेशन नाकारलं, अटी पूर्ण नाहीत असं सांगितलं, तर परत परत बटण दाबून उपयोग नाही, बहुतेक वेळा कोन मान्य मर्यादेच्या बाहेर असतो म्हणजे यांत्रिक मध्य चुकलाय, किंवा दुसरा एखादा कोड अजून जिवंत असतो.

झालं की इग्निशन बंद करून परत चालू करा, तीन आकडे परत घ्या, कोड क्लिअर करा आणि गाडी फिरवून आणा, सरळही आणि दोन्ही बाजूंना वळणंही, कारण ईएसपीला चाकांच्या वेगाशी पडताळा घ्यायला चालती गाडी लागते. लेन धरणारी सिस्टीम असेल तर तिच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. तोपर्यंत नुसती ईएसपीची लाईट असेल आणि ब्रेक, स्टिअरिंग नेहमीसारखे असतील तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते, ओल्या रस्त्यावर जास्त जपून. एबीएसची लाईटही असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. स्टिअरिंग अचानक जड होत असेल तर नेऊ नका, उचलून न्या.

काही दिवस चालवून मग पुन्हा एकदा सगळी युनिट स्कॅन करा. नवा सेन्सर टाकूनही तोच कोड तसाच परत आला, तर जुना सेन्सर फेकू नका, तो बहुधा चांगला होता. कनेक्टरच्या पिना, अर्थ आणि बॅटरी यांच्याकडे परत जा.